जॉर्ज एलेरी हेल

जॉर्ज एलेरी हेल (२९ जून, १८६८ : शिकागो – २१ फेब्रुवारी, १९३८ : पॅसाडेना, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होते. सौरडागांमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते, हे त्यांनी १९०८ साली दाखवून दिले. क्रमाने मोठ्या होत गेलेल्या चार दुर्बिणींच्या उभारणीचे ते सूत्रधार होते.

बालपण व शिक्षण

हेल यांचे वडील विल्यम हे लिफ्ट बनवणारे उद्योजक होते. मुलाची सूर्याच्या वर्णपटाविषयीची ओढ ओळखून त्यांनी त्याला उपकरणे व पुढे स्वतःची वेधशाळाही करून दिली. हेल यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून १८९० साली पदवी घेतली. एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात सूर्याचे छायाचित्र घेणारा स्पेक्ट्रोहेलिओग्राफ त्यांना विद्यार्थिदशेतच सुचला होता.

पहिल्या तीन दुर्बिणी

दुसऱ्या एका संस्थेसाठी ओतलेल्या ४० इंची भिंगांच्या काचा पैशांअभावी पडून होत्या. हेल यांनी उद्योगपती चार्ल्स यर्क्स यांना देणगीसाठी राजी केले आणि १८९७ मध्ये शिकागो विद्यापीठाची यर्क्स वेधशाळा सुरू झाली. वडिलांनी भेट दिलेली ६० इंची आरशाची काचही सांगाड्याला निधी नसल्याने कित्येक वर्षे तशीच राहिली. कार्नेगी संस्थेच्या मदतीने ती दुर्बीण माउंट विल्सनवर १९०८ मध्ये उभी राहिली. तेथेच १९१७ मध्ये १०० इंची हूकर दुर्बीण कार्यान्वित झाली. एडविन हबल यांनी आकाशगंगेपलीकडील दीर्घिकांचे अस्तित्व सिद्ध केले, ते हिच्याच साहाय्याने.

पालोमारचा प्रकल्प

मज्जासंस्थेच्या विकारामुळे हेल यांनी १९२३ साली संचालकपद सोडले. तरीही १९२८ मध्ये त्यांनी रॉकफेलर निधीतून २०० इंची दुर्बिणीसाठी ६० लाख डॉलर मिळवले. पैसा कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेला मिळाला होता, तर दुर्बिणींचा अनुभव कार्नेगी संस्थेच्या माउंट विल्सन वेधशाळेकडे होता. दोन्ही संस्थांतील ताण निवळला नसता, तर प्रकल्प मुळातच खुंटला असता. हेल यांनी समझोता घडवून आणला आणि कामाची सूत्रे एका वेधशाळा मंडळाकडे सोपवली.

आरसा, सांगाडा, घुमट व जागेची निवड ही कामे वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे होती. पण एकाचे वजन बदलले की दुसऱ्याचा आराखडा बदलावा लागे. म्हणून दुर्बिणीची एक दशांश आकाराची प्रतिकृती आधी करून पाहण्यात आली. वितळवलेल्या क्वार्ट्‌झचा आरसा करण्याचा प्रयत्न मोठ्या खर्चानंतर सोडून द्यावा लागला. मग कॉर्निंग कारखान्याने पायरेक्स काचेचे लहान आरसे ओतत हळूहळू आकार वाढवला. मार्च १९३४ मधील २०० इंची ओतकामात साच्यातील गाभे सुटून वर तरंगले. डिसेंबरमध्ये दुसरे ओतकाम यशस्वी झाले. सुमारे २० टनांची ही तबकडी दहा महिने सावकाश थंड करून १९३६ मध्ये रेल्वेने पॅसाडेनाला नेण्यात आली. सांगाड्याचे प्रचंड भाग वेस्टिंगहाउस कंपनीने घडवले, तर अभियांत्रिकी देखरेख नौदलातील अनुभवी अधिकारी क्लाइड मॅक्डॉवेल यांनी केली.

मृत्यू व स्मरण

आरशाचे घासकाम चालू असतानाच हेल यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात काम थांबले. ३ जून, १९४८ रोजी पालोमार पर्वतावर लोकार्पण झालेल्या या दुर्बिणीस हेल यांचे नाव देण्यात आले. १९७० च्या दशकापर्यंत ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.