मुलांचे कवी सुकुमार राय

आमच्या शाळेत हस्तलिखित काढणाऱ्या मुलांची वेळीअवेळी थट्टा होते. त्यांच्यासाठीच आम्ही हे चरित्र निवडले आहे. बंगालचे सुकुमार राय यांनीही तरुणपणी मित्रांसह ‘नॉन्सेन्स क्लब’ नावाचे मंडळ काढले होते, आणि त्याचे हस्तलिखितही चालविले होते. त्यास नाव दिले होते एका चटकदार चिवड्याचे!

सुकुमारांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणकलेचे मोठे जाणकार. पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत पदवी घेऊन सुकुमार १९११ साली शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले आणि मुद्रणविद्या शिकून १९१३ मध्ये परतले. त्याच वर्षी वडिलांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक सुरू केले होते. (बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि मिठाईसुद्धा.) डिसेंबर १९१५ मध्ये वडील निवर्तले आणि छापखाना व मासिक यांचा भार अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर येऊन पडला.

त्यांच्या कवितेत बदक आणि साळिंदर मिळून एकच प्राणी होतो. बगळा कासवाला जोडला जातो. व्याकरणातील संधी त्यांनी जणू प्राण्यांनाच लावून दाखविला आहे! चित्रेही त्यांचीच. असले लेखन सोपे वाटत असेल त्याने चार ओळी रचून पाहाव्यात. छंद पक्का, यमक बिनचूक, अर्थ तेवढा डोक्यावर उभा. आणि उपदेशाचे नाव नाही. मुलांच्या कवितेत हे धैर्य आम्हांस विशेष वाटते.

२ मे १९२१ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याच वर्षी काळ्या आजाराने त्यांना गाठले. शरीर खंगत गेले, पण अंथरुणावर पडल्या पडल्या ते ‘संदेश’साठी लिहीत राहिले, चित्रे काढीत राहिले. ‘आबोल ताबोल’ या विनोदी कवितांच्या संग्रहाची सिद्धताही त्यांनी तेथूनच केली. अखेरच्या दिवसांत रवींद्रनाथ भेटीस आले व त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून गाणी म्हटली. सारे बंगाल ज्या पुस्तकाने पुढे हसणार होते, ते बांधून हाती येण्याचे सुख मात्र कवीस लाभले नाही. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पुस्तक नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले.

छापखाना काही वर्षांतच हातचा गेला. बंद पडलेला ‘संदेश’ १९६१ साली पुन्हा निघू लागला. तो काढणारे होते चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय; वडील गेले तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे होते.