हृदयाची वाट उघडणारा डॉक्टर

अँजिओग्राफी हा शब्द आज घरोघरी ऐकू येतो. त्यामागचे वेर्नर फोर्समान मात्र विस्मृतीत गेले. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे पंचविशीच्या उंबरठ्यावरील या डॉक्टरांनी, वरिष्ठांची मनाई झुगारून, मूत्रमार्गासाठीची रबरी नळी स्वतःच्याच दंडातील शिरेतून आत सारली. प्रयोग तुझ्यावरच, असे भासवून परिचारिकेला त्यांनी टेबलाला बांधले होते! मग नळीसह जिना उतरून ते क्ष-किरण विभागात गेले. पासष्ट सेंटिमीटरवर नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसले.

कौतुक दूरच, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातही त्यांना थारा मिळाला नाही. ते मूत्ररोगांकडे वळले. १९३२ मध्ये ते नाझी पक्षात गेले, हा डाग झाकण्याजोगा नाही. ती नळी पुढे नेली न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी. १९५६ साली तिघांना नोबेल मिळाले, तेव्हा फोर्समान बाड क्रॉइट्सनाख गावी मूत्ररोगच तपासत होते.