लुइस लॅटिमर

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवरील दिव्याचा होल्डर जळून गेला. वायरमन चार दिवस फिरकेना. तेव्हा शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांच्या देखरेखीखाली तो आम्हीच बदलला. त्यांनी प्रथम मेन स्विच बंद करावयास लावला. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे पुरे, अशी आमची समजूत होती. परंतु जुन्या जोडणीत बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविलेले असते. मग दिवा विझला तरी होल्डरात वीज खेळतच राहते! नवा होल्डर आट्यांचा होता. फेजची तार मधल्या टिकलीस आणि न्यूट्रलची आट्यांच्या कड्यास जोडावी, हे त्यांनी दोनदा बजावले. उलट झाले तर दिवा लागतो खरा, पण बदलताना बोट आट्यांस टेकले की झटका बसावयाचा. दहा मिनिटांचे काम आम्हांस तासभर पुरले. त्या तासात मनात आले, की घरोघरी पहिल्याने ह्या तारा कोणी ओढल्या असतील? त्या शोधात जी माणसे भेटली, त्यांपैकी एकाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस सांगावेसे वाटते.

लुइस हॉवर्ड लॅटिमर ह्यांचा जन्म ४ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, चेल्सी गावी झाला. त्यांचे आईबाप, जॉर्ज व रेबेका, हे व्हर्जिनियातील गुलाम. १८४२ साली ती दोघे नॉरफोकहून पळून बॉस्टनला आली. धनी मागोमाग आला आणि जॉर्ज तुरुंगात पडले. बॉस्टनमध्ये मोठी खळबळ उडाली. गुलामगिरीच्या विरोधकांनी सभा घेतल्या आणि अखेर चारशे डॉलर मोजून त्यांना मुक्त करण्यात आले. पळून आलेल्या गुलामांस पकडण्याच्या कामी सरकारी अधिकाऱ्यांनी हात लावू नये, असा कायदा त्या राज्याने १८४३ साली केला, तो ह्याच प्रकरणामुळे. लुइस स्वतंत्र जन्मले, पण बालपण सुखाचे नव्हते. ते दहा वर्षांचे होतात न होतात तोच पित्याने घर सोडले आणि कुटुंब विखुरले. १८६४ साली, सोळाव्या वर्षी, ते आरमारात भरती झाले व यादवी युद्ध संपल्यावर परतले.

बॉस्टनमध्ये पेटंटची कामे पाहणाऱ्या वकिलांच्या एका कचेरीत त्यांस आठवड्यास तीन डॉलरवर पोऱ्याची नोकरी मिळाली. तेथे यंत्रांचे आराखडे काढणारे लोक बसत. लुइस त्यांचे हात न्याहाळीत. कोणती उपकरणे लागतात हे हेरून त्यांनी जुन्या बाजारातून एक पुस्तक व पुढे उपकरणांचा संच मिळविला आणि घरी रात्री सराव केला. मग एके दिवशी आपल्यास एखादे चित्र काढू द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. प्रथम हसणे झाले. पण काम पाहिल्यावर हसू थांबले. काही वर्षांत ते तेथील मुख्य आरेखक झाले. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या टेलिफोनच्या पेटंटसाठीही त्यांनी चित्रे काढली. बेल रात्रीचे वर्ग घेत, म्हणून त्यांच्या सूचना घेण्यासाठी लॅटिमर रात्री नऊनंतरही कचेरीत थांबत.

१८८० साली हायरम मॅक्सिम ह्यांच्या विजेच्या दिव्यांच्या कंपनीत ते शिरले. ही कंपनी एडिसनची प्रतिस्पर्धी. त्या काळी दिव्यातील तंतू कोळशाचा असे. कागद, बांबू अशा पदार्थाचा धागा हवेविना भाजून तो करावा लागे, आणि भाजताना तो आकसून वाकडा होई किंवा तुटे. लॅटिमर ह्यांनी हे धागे त्याच पदार्थाच्या पाकिटात घालून भाजण्याची युक्ती काढली. पाकीट व धागा सारखेच आकसल्यामुळे ताण पडत नसे. १७ जानेवारी १८८२ रोजी तिचे पेटंट त्यांस मिळाले. विजेचा दिवा लॅटिमर ह्यांनीच शोधला, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नव्हे, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही.

आम्हांस अधिक आवडते ते त्यांचे तारा ओढण्याचे काम. न्यूयॉर्कमधील इक्विटेबल बिल्डिंग, युनियन लीग क्लब, फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राची कचेरी, अशा ठिकाणी ते माणसांची टोळी घेऊन सकाळी सातलाच निघत. बाजारात तार मिळे ती घंटेला वापरावयाची. विद्युतप्रवाह मोजण्याची साधने कामगारांच्या हाती नव्हती. सारे अंदाजाने चाले, आणि अंदाज पुष्कळदा चुकत, हे त्यांनी स्वतःच नोंदून ठेवले आहे. आमच्या हाती निदान टेस्टर तरी होता! मॉन्ट्रियलला रेल्वे स्थानकात दिवे बसविण्यास ते गेले, तेव्हा मजूर सारे फ्रेंच बोलणारे. लॅटिमर ह्यांनी कामाच्या सूचना फ्रेंच भाषेत लिहून काढल्या व त्या भाषेतूनच काम करून घेतले. घरी कोकणी बोलून शाळेत मराठीतून शिकविणाऱ्या आम्हांस ह्या प्रसंगाचे विशेष अगत्य वाटते.

पुढे लंडनला दिव्यांचा कारखाना उभारण्यास त्यांस पाठविले. तेथील मालकांस नोकरांनी लवून वागावे अशी सवय. लॅटिमर लवणारे नव्हते. सुमारे नऊ महिन्यांत कारखाना चालू करून ते परतले, तर कंपनीत सर्व जागा भरलेल्या! १८८४ साली ते एडिसनच्या कंपनीत गेले. पुढे तेथील कायदा विभागात दिव्याच्या पेटंटच्या खटल्यांत त्यांची साक्ष व त्यांची चित्रे उपयोगी पडली. जुन्या कंपनीविरुद्धचा मोठा खटला १८९१ साली एडिसनच्या बाजूने लागला. त्याच्या आदल्या वर्षी, १८९० साली, विजेच्या दिव्यांच्या एडिसन पद्धतीची माहिती देणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते.

न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट वसतीत परदेशांतून आलेल्या लोकांस ते इंग्रजी व आरेखन शिकवीत. १९१८ साली एडिसनच्या जुन्या सहकाऱ्यांनी मंडळ स्थापिले, त्याच्या संस्थापक सभासदांत कृष्णवर्णीय असे ते एकटेच. ते बासरी वाजवीत, कविताही करीत; त्यांच्या दोन मुलींनी त्या कविता वृद्धपणी त्यांस पुस्तकरूपाने छापून दिल्या. ११ डिसेंबर १९२८ रोजी फ्लशिंग येथे त्यांचे निधन झाले. तेथील त्यांचे लाकडी घर पुढे पाडण्यात यावयाचे होते. १९८८ साली लोकांनी ते उचलवून दुसऱ्या जागी नेले, आणि २००४ पासून त्यात त्यांचे संग्रहालय आहे.