डेनिस रिची: सी भाषेचा जनक आणि हद्द तपासण्याचा प्रश्न

फोन चार्जिंग संपून अचानक बंद पडला, की पुन्हा चालू होताना एक छोटा प्रोग्रॅम फाइल सिस्टिम तपासतो, गरज पडली तर दुरुस्तही करतो. अँड्रॉइडमध्ये हा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला असतो. असा कोड वाचताना मला डेनिस रिची हमखास आठवतात.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकून १९६७ मध्ये डेनिसही तिथेच लागले. १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि रड कॅनडे यांच्यासोबत त्यांनी नव्या फाइल सिस्टिमचा आराखडा केला. त्यातूनच युनिक्स उभं राहिलं. १९७१ मध्ये थॉम्पसन आणि रिचींनी युनिक्सचं मॅन्युअल काढलं. त्यात ‘बग्ज’ नावाचा भागच होता. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय चुकतं, हे ते स्वतःच लिहून ठेवायचे!

मग सी भाषा आली. तेव्हाच्या पीडीपी-११ मशीनची मेमरी होती फक्त २४ किलोबाइट. सीमधला पॉइंटर म्हणजे निव्वळ पत्ता. पुढे किती जागा आपली आहे, हे त्याला माहीतच नसतं. त्यामुळे वेग मिळाला, पण हद्द तपासायचं काम प्रोग्रॅमरवर आलं.

दुरुस्तीच्या कोडमध्ये हे फार महाग पडतं. समजा, फोल्डरमधली एक नोंद सांगते, ‘पुढची नोंद ४० बाइटवर आहे’. स्टोरेज बिघडल्यामुळे तिथे ४० ऐवजी ६०,००० आलं, तर? न तपासता उडी मारली, की प्रोग्रॅम दुसऱ्याच मेमरीत घुसतो. तो क्रॅश होईल, नाहीतर तुमचे चांगले फोटोही बिघडवेल. म्हणून आधी बघायचं: हा आकडा ब्लॉकच्या आत बसतो का? नसेल तर थांबायचं. आणि ही तपासणी का आहे, हे शेजारीच लिहून ठेवायचं, नाहीतर पुढचा माणूस ती फालतू समजून काढून टाकेल.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पाचच वर्षांनी मॉरिस वर्म हद्द न तपासणाऱ्या अशाच एका सी प्रोग्रॅममधून इंटरनेटवर पसरला.

रिचींबद्दल लिहिताना एक गोष्ट बरेचदा राहून जाते. १९९० मध्ये त्यांनी स्वतःच सुचवलं होतं, की बदलत्या आकाराच्या ॲरेचा पॉइंटर आपल्यासोबत ॲरेचा आकारही बाळगू दे. म्हणजे हद्द तपासणं शक्य झालं असतं. पण सीच्या १९९९ च्या स्टँडर्डने वेगळी वाट धरली. स्वतःची भाषा जगभर पसरली, की ती आपल्या एकट्याची राहत नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवड्याभराने, रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडले. बातमी फारशी गाजली नाही. पण आयफोन असो वा अँड्रॉइड, दोन्हींच्या मुळाशी त्यांचीच भाषा आहे. आणि त्यांनी सुचवलेली ती तपासणी आजही आम्ही एकेक ओळ करून हाताने लिहितोय.