तिकीट काढून बाईचं गाणं ऐकायला महाराष्ट्र शिकला, तो हिराबाई बडोदेकरांमुळे

आज मुलीला गाण्याच्या क्लासला घालणं ही कौतुकाची गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी पांढरपेशा घरात हाच विषय काढला असता, तर घरातले लोक हादरले असते. गाणं ऐकणं हा पुरुषांचा शौक होता. संस्थानिक, सावकार, शेटजी बैठकीला जात. तिथं गाणारी बाई ‘घरंदाज’ मानली जात नसे आणि घरातल्या बाईला त्या बैठकीत जागा नसे.

अशा काळात, 1905 साली मिरजेत हिराबाईंचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. भाऊ सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाई शिकल्या.

मग त्या तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करू लागल्या. असं करणाऱ्या त्या अगदी सुरुवातीच्या गायिकांपैकी एक. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट मोठी होती. बैठकीत कोणी यायचं हे यजमान ठरवायचा. थिएटरात तिकिटाचे पैसे देणारा कोणीही बसू शकत होता, बायकासुद्धा!

हिराबाईंचा वावरही वेगळा होता. दोन्ही खांद्यांवरून पदर, शांत बैठक, हातवारे नाहीत. मध्यमवर्गाला जे खटकत होतं, ते त्यांनी मंचावर येऊच दिलं नाही. ख्यालाबरोबर त्या भजनं आणि नाट्यपदंही गात, त्यामुळे ज्यांना रागदारी कळत नव्हती तेही रमत. कुटुंबाच्या नाटक कंपनीत तर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. बालगंधर्वांच्या त्या जमान्यात हे धाडसच होतं.

1965 साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण त्यांना मिळाला. 1989 साली त्यांचं निधन झालं.

पण या यशाला दुसरी बाजूही आहे. बाईचं गाणं प्रतिष्ठित झालं, ते मध्यमवर्गाच्या अटींवर. ख्याल गाणारीला मान मिळाला. फडावर लावणी गाणारीच्या वाट्याला मात्र टाळ्या आल्या तरी तो मान आला नाही. दाद देतानाही समाज गाणारीची जात, घर आणि पदर बघत होता.