रेव्हरंड टिळक आणि प्रभूची पंगत

पवित्र गुरुवारी ख्रिस्ती बांधव येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करतात. त्या रात्री त्याने शिष्यांना भाकर व द्राक्षारस वाटून दिला. त्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीस मराठी ख्रिस्तजन प्रभुभोजन म्हणतात. या पंगतीचा अधिकारी कोण? बाप्तिस्मा घेतलेला, असा सर्वसाधारण दंडक आहे. आम्हां कीर्तनकारांना येथे काल्याचे स्मरण होते. तेथे ओंजळ पुढे करणाऱ्याची कोणी चौकशी करीत नाही. परंतु काला हा प्रसाद, आणि प्रभुभोजन हे व्रत. व्रतास दीक्षा हवी, हे शास्त्र शिकलेल्या आम्हांस अमान्य करता येत नाही. म्हणूनच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र आम्हांस अस्वस्थ करते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातील करजगावचा. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. पुढे राजनांदगावच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. तो लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातूनच जातो. कारध्यास कीर्तनासाठी आलो आणि वैनगंगेच्या काठी बसलो, की हा प्रसंग आम्हांस हटकून आठवतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वजातीची पंगत त्याच दिवशी तुटली. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, तरी चूल निराळीच होती. सोवळे हळूहळू गळाले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगरकडील मंडळींत बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या समाजांतून आलेले होते. त्यांच्यासह एकाच भाकरीचे वाटेकरी होणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. परंतु त्यांचे मन एका निराळ्याच भक्तापाशी अडले होते. येशूला अंतःकरणाने मानणारा, पण बाप्तिस्मा न घेतलेला, असा तो भक्त. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे नुसता जलसंस्कार नव्हता; आईबाप, घर, वतन, अंत्यसंस्काराचा हक्क, सारे सोडणे होते. दीक्षा मागणे रास्त असेल. पण दीक्षेबरोबर गृहत्यागही मागणे रास्त म्हणावे काय? आमच्या मते टिळकांची खरी कळकळ येथे आहे.

१९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून सामावणार होते. हा बेत आकारास येतो न येतो तोच, ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले; दरबार पूर्ण करणारा कोणी निघाला नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा चर्चे एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यांच्या सभासदांची पंगत एक झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्ताचे पान मात्र तेथेही मांडले गेले नाही.