ल्युसी विल्स
डॉ. ल्युसी विल्स (१० मे, १८८८ – १६ एप्रिल, १९६४) या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयावर मुंबईत केलेल्या संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. या संशोधनातून पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला.

शिक्षण
विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील सटन कोल्डफिल्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला. १९२० साली लंडनमध्ये त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या व रॉयल फ्री रुग्णालयात काम करू लागल्या.

मुंबईतील संशोधन
१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी कामास आरंभ केला. कापड उद्योगातील कष्टकरी स्त्रियांमध्ये गर्भारपणी तीव्र रक्तक्षय होत असे व त्यात अनेकजणी दगावत. या विकारात तांबड्या पेशींची संख्या घटते आणि त्यांचा आकार वाढतो. विल्स यांनी निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळला.

उंदरांवरील प्रयोगांत उवांमुळे होणाऱ्या संसर्गाची भेसळ झाल्याने निष्कर्ष संशयास्पद ठरले. म्हणून त्यांनी माकडांवर प्रयोग केले. यीस्टचा अर्क असलेले ‘मार्माइट’ हे स्वस्त खाद्य दिल्यावर रक्तक्षय बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ हे नाव पडले.

आतड्याशी संबंध
१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. पुढे येल्लाप्रगड सुब्बराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने अमेरिकेत त्याचे संश्लेषण केले. हे जीवनसत्त्व मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. उष्ण प्रदेशांतील ‘स्प्रू’ या आंत्रविकारात लहान आतड्यात जीवाणूंची अवाजवी वाढ होते व अस्तराचा दाह होतो. त्यामुळे स्निग्ध पदार्थ व फॉलिक आम्ल दोन्ही नीट शोषले जात नाहीत; मल तेलकट होतो आणि रक्तक्षय जडतो. यावर फॉलिक आम्लासोबत प्रतिजैविकेही देतात. रक्तक्षयाचे मूळ कधी ताटात, तर कधी आतड्यात असते, हे यावरून स्पष्ट होते.

उत्तरायुष्य व वारसा
भारतातून परतल्यावर विल्स यांनी रॉयल फ्री रुग्णालयात १९४७ पर्यंत काम केले. निवृत्तीनंतरही पोषण व रक्तक्षय यांवरील त्यांचे संशोधन चालू राहिले. त्या अविवाहित होत्या. चेल्सीच्या नगरपरिषदेवर त्या मजूर पक्षाच्या सदस्य होत्या.

भारतात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासाठीही फॉलिक आम्ल उपयुक्त ठरले आहे.